साळवेताईंची उदास कढी

आमच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा साळवेताईंनी नमस्कार केला नाही, नाव विचारलं नाही, कुठून बदली झाली तेही विचारलं नाही. दारात चपला काढल्या, हॉलमधल्या खोक्यांच्या डोंगरावरून एक नजर फिरवली आणि म्हणाल्या,

"डबे कुठे आहेत?"

प्रसंग असा होता. माझी पुण्याहून दिल्लीला बदली झाली होती. सरोजिनी नगरमधला सरकारी क्वार्टर मिळाला होता, आणि सकाळी यायचा तो ट्रक दिवेलागणीला आला होता. माझी बायको मृणाल गुंडाळलेल्या गादीवर बसली होती आणि पुढची बदली होईपर्यंत आपण इथून उठणार नाही, असं तिनं जाहीर केलं होतं. मी खोलीच्या मध्यभागी कमरेवर हात ठेवून उभा होतो. संकटात मी नेहमी कमरेवर हात ठेवतो. त्यानं होत काहीच नाही, पण आता काहीतरी होणार असं बघणाऱ्याला वाटतं. "बाहेरून काहीतरी मागवू या का?" एवढंच मी बोललो, आणि दार उघडं असल्यामुळे ते वाक्य जिन्यात गेलं. जिन्यात साळवेताई होत्या.

बुटक्या, सावळ्या, जाड चष्म्याच्या. अंगावर ऑफिसची सुती साडी, खांद्याला काळी पर्स. वरच्या मजल्यावर त्यांचं घर, पण तिथे न जाता त्या तशाच आमच्याकडे वळल्या होत्या. पर्स त्यांनी शेवटपर्यंत खांद्यावरून उतरवली नाही. खोक्यांवर मी मोठ्या शिस्तीनं नावं लिहिली होती, त्यातल्या 'पुस्तकं' असं लिहिलेल्या खोक्यात त्यांना डबे सापडले. तांदूळ, बेसन, मिसळणाचा डबा आणि कोपऱ्यात वाळत चाललेला लसणाचा अर्धा गड्डा.

"झालं की," ताई म्हणाल्या. "आधी पाणी ठेवा."

मी म्हटलं, "कांदा आणू का? बाजार समोरच आहे."

"बसा."

"मग तुमच्याकडचा एखादा..."

"माझा कांदा घातला तर ते माझ्या घरचं जेवण झालं. नव्या घरातलं पहिलं जेवण आपलंच पाहिजे. तुम्ही बसा, आणि ते हात कमरेवरून काढा. दमलेलं माणूस तसं उभं राहिलं की आणखी दमतं."

मी हात काढले. थोड्या वेळानं वाफाळता भात आणि लसणाच्या फोडणीचं पिठलं आमच्यासमोर होतं, तेही वर्तमानपत्रावर, कारण ताटं ज्या खोक्यात होती ते सापडतच नव्हतं. आम्ही झाकणांतून जेवलो. जेवणाआधी ताईंनी डोळे मिटले आणि आपल्याला पाठ झालेलं काही म्हणावं तसं पुटपुटल्या, "प्रभू, आहे त्यात भागलं. उपकार झाले." मग डोळे उघडून म्हणाल्या, "मी शशिकला साळवे. नगरची. आता सांगा, तुमचं नाव काय?"

मृणाल गादीवरून उठली होती. नंतर तिनं ते कधी मान्य केलं नाही.

ताई एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होत्या. दुसऱ्याच्या घरी जाताना त्या कधीही काही घेऊन जात नसत. आमच्या ब्लॉकमध्ये डबे, वाट्या, प्रसादाच्या पुड्या अशी देवाणघेवाण सतत चाले. ताईंची वाटी कधी कुणाच्या घरी गेली नाही. त्या स्वतः जात. रिकाम्या हातानं जात आणि तुमच्याच घरातल्या डब्यांतून तुमचंच जेवण उभं करून निघून जात. त्यांचं गिऱ्हाईक एकच, दमलेला माणूस. संध्याकाळी त्या बाल्कनीत उभ्या राहत आणि मेट्रोतून उतरून येणारी माणसं बघत. कोण नुसतं दमलंय आणि कोण आज संपलंय, हे त्यांना चालीवरून कळायचं. संपलेल्याच्या घरी त्या जात. त्यात प्रेमळपणाचा आव अजिबात नसे. नळ दुरुस्त करणारा यावा तशा त्या येत.

फ्रिज त्या उघडत नसत. "त्यात कालचा दिवस असतो," म्हणायच्या. भाजीवर त्यांचा राग नव्हता, पण भाजी आणणं, निवडणं, चिरणं ही ताज्यातवान्या माणसांची कामं आहेत, असं त्यांचं मत होतं. मेतकूट, कुळथाचं पीठ, भाजणी, सांडगे, पोहे, रवा या गोष्टी ज्यांनी शोधून काढल्या ती माणसं संध्याकाळी आपल्यासारखीच भिंतीला टेकून बसलेली असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

हे कुठून आलं ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही पिठाच्या गुठळ्या मोडता मोडता. नवरा लवकर गेला. त्याच्या जागी नोकरी लागली. मुलगी रूथ लहान. "लोक कुठून कुठून येतात या सरोजिनी नगरच्या बाजारात," ताई म्हणाल्या, "आणि मला घरातून तिथवर चालवत नसे. ऑफिसातून यायचं तर रूथ उपाशी बसलेली. मग जे डब्यात असेल ते. डब्यात जे नसेल त्याचा विचार करायचा नाही, एवढं मी शिकले."

"मग तो थकवा गेला कधी?" मी विचारलं.

"गेला कुठे? ओळख झाली त्याच्याशी."

आता चोप्रांच्या घरचा प्रसंग सांगायलाच हवा. खालच्या मजल्यावर चोप्रा अंकल-आंटी राहत. अंकलना हृदयाचा त्रास होऊन ते इस्पितळातून नुकतेच घरी आले होते. आंटी दारातच बसल्या होत्या, कुलूप उघडण्याइतकी ताकदही शिल्लक नव्हती. ताईंनी त्यांच्या हातातून किल्ली घेतली.

"भाभीजी, डब्बे किधर हैं?"

"अरे बहनजी, घर में कुछ है ही नहीं! सब्ज़ी नहीं, दही नहीं, पनीर नहीं..."

"बेसन?"

"बेसन तो है। पर दही के बिना कढ़ी कैसे बनेगी?"

ताईंनी तोवर बेसनाचा डबा उघडला होता. थोड्या वेळानं अंकलच्या पुढ्यात पिठलं आणि भात आला. चोप्रा अंकल म्हणजे जेवणात लोणी, पराठा आणि मोठा आवाज यांशिवाय न जगलेला माणूस. मी तिथे मदतीला म्हणून उभा होतो, म्हणजे कमरेवर हात ठेवून. अंकलनी वाटीत बोट बुडवलं, चाखलं आणि अतिशय क्षीण, अतिशय गंभीर आवाजात विचारलं,

"बहनजी, ये कढ़ी इतनी उदास क्यों है?"

आंटी हसल्या. नंतर म्हणाल्या, अंकल आजारी पडल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या होत्या. अंकलनी मात्र ती वाटी संपवली, दुसरी मागितली आणि डोळे मिटून फर्मान सोडलं, "कल भी यही।" त्या दिवसापासून आमच्या ब्लॉकमध्ये पिठल्याला उदास कढी हे नाव पडलं, ते अगदी कायमचं. बंगाली, तमिळ, बिहारी घरांतून "आज तो उदास कढ़ी" असे उद्गार ऐकू येऊ लागले. समोरच्या ब्लॉकमधल्या एक बाई कृती विचारायला आल्या.

"दही कितना डालते हैं?"

"दही नहीं।"

"टमाटर?"

"नहीं।"

"तो फिर इसमें है क्या?"

"बेसन है। और आप थकी हुई हो। बस."

आणि ताईंचं नाक! नाकाबद्दल सांगायचं तर मला खरं म्हणजे उभं राहून सांगायला हवं. डबा उघडला की ताई आत बघत नसत. मान थोडी खाली घालत, डोळे मिटत आणि कुणाचं तरी गुपित ऐकावं तसा चेहरा करत. "हे शेंगदाणे खवट व्हायला लागलेत." "या बेसनाआधी चक्कीवाल्यानं मका दळला होता." आमच्या स्वयंपाकघरात एकदा मृणालनं सगळ्या डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. ताईंनी त्या एकेक करून वाचल्या आणि म्हणाल्या, "छान. आता फाइल नंबर टाका, मी पुढे पाठवते." चिठ्ठ्या पुढे वाफेनं सुटून पडल्या, आणि मृणालनं पुन्हा लावल्या नाहीत. ताई असताना त्यांची गरजही नव्हती.

मग कोरोनाचं वर्ष आलं. ताईंना ताप आला, आम्ही आळीपाळीनं त्यांच्या दाराबाहेर ताट ठेवत होतो, आणि एका सकाळी ताटाखाली निरोप होता: "भातात मीठ जास्त आहे." म्हणजे आता त्या बऱ्या होणार, असं मृणाल म्हणाली. बऱ्या झाल्याही. पण नंतर लोकांकडे जाणं कमी झालं. बाल्कनीत उभ्या दिसत, खाली उतरत नसत. आम्ही समजलो, वय.

शिवाय निवृत्ती जवळ आली होती. निवृत्ती म्हणजे क्वार्टर सोडणं. रूथ आता मोठी झाली होती, गुडगावला एका उंच सोसायटीत राहत होती, मोठ्या कंपनीत काम करत होती आणि आईनं आपल्याकडेच यावं म्हणून हट्ट धरून बसली होती. ताईंना जायचं नव्हतं. त्यांना जवळपास एक खोली, एक शेगडी आणि आपले डबे एवढंच हवं होतं. दर रविवारी रूथ यायची आणि मायलेकींचं तेच संभाषण जिन्यातून आम्हाला ऐकू यायचं.

"आई, तू अकेली कशी राहणार, यार?"

"माझं मी करून खाते."

"आणि काही झालं तर?"

"माझं मी करून खाते."

ताईंकडे हे एकच उत्तर होतं, आणि ते इतकं खरं होतं की रूथला आपला हट्ट पुढच्या रविवारवर ढकलावा लागे.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मृणाल आजारपणातून उठलेली, मी ऑफिसातून आलो तो धुरकट हवेनं डोळे चुरचुरत होते, आणि घरात कुणाच्याच अंगात काही करायचं बळ नव्हतं. ताई आल्या. कितीतरी दिवसांनी आल्या, म्हणून आम्हाला बरं वाटलं. "थालीपीठं लावू," त्या म्हणाल्या. मृणालच्या आईनं पुण्याहून नेहमीप्रमाणे भाजणी पाठवली होती. ताईंनी फळीवरचा स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं, मान खाली घातली, डोळे मिटले.

"छान ताजी आहे," म्हणाल्या.

कांदा पडला, मिरची पडली, तिखट, मीठ. पीठ मळताना त्या जरा कुरकुरल्या, "यंदा फार भरभरीत दळलंय बाई." पहिलं थालीपीठ तव्यावर पडलं आणि घरभर वास सुटला. मला क्षणभर वाटलं, कुणीतरी आता मला अंघोळीला हाक मारणार. कचोरा, नागरमोथा, वाळा, संत्र्याची साल! मृणालच्या आईनं भाजणीबरोबर घरी केलेलं उटणंही पाठवलं होतं, अगदी तसल्याच डब्यात.

मृणालनं आणि मी एकमेकांकडे बघितलं. तेवढ्यात ताटली माझ्या हातात आलीसुद्धा. आयुष्यात मी अनेक भूमिका केल्या आहेत, पण त्या थालीपीठाचा घास मोडून, चावून, गिळून, वर मान डोलावण्याची भूमिका माझी सर्वोत्तम समजावी.

"मीठ बरोबर आहे ना?" ताईंनी विचारलं.

"फक्कड," मी म्हणालो. तोंडात दिवाळीची पहाट उगवली होती, तीही हिरव्या मिरचीसकट.

मृणालनं पुढे होऊन गॅस बंद केला. "ताई," ती म्हणाली, "हे उटणं आहे."

ताईंनी उरलेलं पीठ चिमटीत घेतलं. बोटांवर चोळलं. नाकाशी नेलं. पुन्हा नेलं. मग परातीकडे बघत उभ्या राहिल्या.

मला शांतता सहन होत नाही. मी म्हटलं, "चला, यंदा आतूनही अभ्यंगस्नान झालं." ताई फस्सकन हसल्या, मृणाल हसली, मग आम्ही तिघंही हसत सुटलो, पोट धरून. आमचं हसणं थांबलं तरी ताई पदरानं डोळे पुसतच राहिल्या.

"तापात वास गेला तो गेलाच," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, येईल. नाही आला."

"आणि रूथला?"

"रूथला माहीत नाही. सांगायचंही नाही तुम्ही. तिला कळलं की ती दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात उभी राहील."

"पण ताई, गॅस?" मृणाल म्हणाली. "चालू राहिला तर तुम्हाला कळणार कसं?"

"म्हणून तर बघत असते. झोपताना बघते. झोपल्यावर उठून बघते. बटणाला हात लावून बघते. बाहेर पडले तर जिन्यातून परत येते." खुर्चीवर बसल्या त्या. पर्स खांद्यावरच होती. "फार दमायला होतं गं."

त्यांना मी इतकी वर्षं ओळखत होतो. स्वतः दमल्याचं वर्तमानकाळात सांगताना मी त्यांना तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

तो सगळा हिवाळा ताई आमच्या स्वयंपाकघरात येत राहिल्या, पण आता सरावाला. मोहरी तडतडली की कळतं, पाणी पडल्यावर फोडणी काय बोलते ते कळतं, पिठलं शिजलं की त्याचा आवाज जाड होतो. त्या कान देऊन स्वयंपाक करायला शिकल्या. अडत होतं ते फक्त भाजण्यापाशी. रवा, बेसन, दाणे भाजून झाले की नाही ते सांगणारा आवाज नसतो. रंगावरून ओळखायला जावं तर आमच्या ओट्यावरचा दिवा पिवळा, सगळंच भाजलेलं दिसे. तरी निघाल्या त्या त्यातून. जवळच एक घर बघितलं. रूथ थकली, आणि एका रविवारी म्हणाली, "ठीक है आई, तू जिंकलीस. दाखव घर."

आम्हीही बरोबर गेलो. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, छोटं स्वयंपाकघर, ओट्याखाली सिलिंडर, एक खिडकी, ती रंगानं घट्ट बसलेली. घरमालकीण सरदारीण, बोलायला मोकळी. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे तिची सासू, सगळ्यांची बीजी, झोपून असे. भिंतीला वरच्या बाजूला जाळी होती, हवेसाठी. ताई ती जाळी बघत राहिल्या.

"बीजी उठ नहीं सकतीं?" त्यांनी विचारलं.

"नहीं जी, सालों से ऐसे ही हैं। पर सुनती सब हैं। आपसे बातें करेंगी जाली में से।"

पलीकडून एक म्हातारा आवाज आला, "कौन आया है?"

"आपकी नई पड़ोसन, बीजी!"

"आ जा पुत्तर," आवाज म्हणाला.

रूथ खोलीचं माप घेत होती, पलंग कुठे बसेल, कपाट कुठे. ताईंनी सिलिंडरकडे बघितलं, जाळीकडे बघितलं. मी मृणालकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"रूथ," ताई म्हणाल्या. "मला वास येत नाही."

"कसला वास?"

"कसलाच. कोरोना झाला तेव्हापासून."

रूथ हातातली मापाची पट्टी तशीच धरून उभी राहिली. मग ती पट्टी सर्रकन आपोआप आत गेली. एवढ्याशा आवाजानं सगळे दचकलो. रूथ रागावेल असं मला वाटलं होतं. ती आईजवळ गेली आणि तिच्या खांद्यावरची पर्स काढून आपल्या खांद्याला लावली. परत येताना गाडीत कुणी बोललं नाही. मीसुद्धा नाही. त्यावरून काय ते समजा.

गुडगावला आम्ही त्यांना भेटायला गेलो ते पुढच्या थंडीत. लिफ्ट इतकी वर गेली की माझे कान बंद झाले. घर सुंदर, स्वयंपाकघर पांढरंशुभ्र, ज्योत नसलेली विजेची शेगडी. ताई ओट्यासमोरच्या उंच स्टुलावर बसल्या होत्या. पाय जमिनीला टेकत नव्हते. बारीक झाल्या होत्या. "काय, कसं?" म्हटल्यावर "चाललंय" म्हणाल्या. जेवणाला सकाळी बाई येते, तिच्या हाताला चव आहे, तिला काही सांगायची गरज पडत नाही. हे सांगताना त्या खिडकीतून पलीकडच्या टॉवरच्या खिडक्या बघत होत्या.

तेवढ्यात रूथ ऑफिसातून आली. पाठीवर लॅपटॉपची बॅग, डोळ्यांखाली काळं. आम्हाला बघून हसली, पण ते हसू तिला उचलून धरावं लागत होतं. "काका, मावशी, बसा, दहा मिनट." बॅग खाली टाकून हात धुतले आणि शेगडीवर कढई ठेवली. तूप, मग रवा. सांजा करणार होती. मला आश्चर्य वाटलं. या मुलीला मी कधी चहा करतानाही बघितलं नव्हतं. ती पाठमोरीच म्हणाली, "संध्याकाळचं आईला दुसऱ्या कुणाच्या हातचं चालत नाही. मला येत नाही. असं चाललंय आमचं."

"हलवत राहा," ताई म्हणाल्या. "कसा येतोय?"

रूथनं कढईवर नाक नेलं. "काहीच नाही. पिठासारखा."

"कच्चा आहे. थांब."

थोडा वेळ फक्त उलथन्याचा आवाज. मृणाल पाय वर घेऊन सोफ्यावर बसली होती. मीही भिंतीला टेकलो होतो.

"आता?"

"आता अच्छा वाला येतोय."

"अच्छा वाला म्हणजे काय, रूथ? नीट सांग."

रूथ डोळे मिटून शोधत राहिली. दिवसभर बोलून बोलून शब्द संपलेला माणूस शोधतो तशी. "बिस्किटाच्या फॅक्टरीवरून गाडी जाते ना, काच उघडी असताना? तसा. पण जरा... गरम. आणि मागे तूप."

ताई स्टुलावर पुढे झुकल्या. मान खाली घातली, डोळे मिटले आणि एक लांब श्वास आत ओढून घेतला. तो त्यांनी बराच वेळ धरून ठेवला.

"हं," त्या म्हणाल्या. "आता पाणी घाल."